आधी अस्वल, मग आपण

माझा नवरा परसात उकिडवा बसून अस्वलाची घाण तयार करत होता.

असं सांगितलं की लोक हसतात. तेव्हा मलाही आधी हसूच आलं होतं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मनकूच्या कुठल्या वागण्यावर हसायचं आणि कुठल्यावर तोंड मिटून बसायचं, हे अजून मला उमगायचं होतं. त्याच्या पुढ्यात फुटकं घमेलं होतं. त्यात दारू गाळून उरलेला मोहाचा काळा चोथा, वर मूठभर राख. शेजारी पानावर चाराच्या बिया. तो चोथ्यात बिया कालवायचा, गोळा हातानं थापायचा, मान तिरकी करून बघायचा आणि पुन्हा मोडायचा. इतकं मन लावून त्यानं कधी घराची भिंत लिंपली नव्हती.

"हे काय करून राह्यले तुमी?" मी विचारलं.

तो दचकला. मीच आहे हे पाहून पुन्हा कामाला लागला. "हळू बोल वं. बाबा ओसरीत हाये."

"पन हे हाय काय?"

"खूण," तो म्हणाला.

आता खूण म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या कोसमटोल्याच्या वरच्या अंगाला चाराचं मोठं बन आहे. चार म्हणजे ज्याच्या बीतली चारोळी तुम्ही बासुंदीवर पेरता ते झाड. उन्हं तापली की त्याला बोटाच्या पेरापेक्षा लहान फळं धरतात, आधी हिरवी, मग काळी. पण गावात कोणी ती आपल्या मर्जीनं तोडायची नाहीत. नेम असा, की आधी अस्वल, मग आपण. अस्वल कच्च्या फळाला तोंड लावत नाही. म्हणून बनात त्याची काळी, बियांनी भरलेली घाण दिसली की समजायचं, फळ पिकलं. ज्याला दिसेल त्यानं ती पळसाच्या पानावर उचलून गावाचं बैठकघर असलेल्या गोटुलापुढच्या अंगणात आणायची. गावाच्या भूमियानं, म्हणजे पुजाऱ्यानं, ती पाहायची आणि पंडुमाचा दिवस सांगायचा. पंडुम म्हणजे नव्या फळाची पूजा. ती झाली की अख्खं गाव बनात शिरायचं. चारचौघांत घाण म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून सगळे तिला खूण म्हणत. आणि गावचा भूमिया होता झुरू तुलावी, माझा सासरा, जो त्या घटकेला ओसरीत बसून तंबाखू मळत होता.

"बापाच्या पुढ्यात ठेवसाल हे?" मी म्हणाले.

"उद्या सकाळी. शेठची गाडी आली खाली. कच्चं घेते, पक्कं घेते, काई पाहात नाई तो. आपन अस्वलाची वाट पाहात बसू अन् गारडोंगरीवाले येऊन सारं बन छाटून नेतीन. तुह्याच माहेरचे! मंग बाबाले म्हना, खुंटांची पूजा करा."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

गारडोंगरी माझं माहेर, डोंगराच्या पलीकडच्या उतारावर. मी परकरात होते तेव्हा तिथंही असंच बन होतं आणि असाच नेम होता. भाव चढला तसा तो नेम सैल झाला. आधी लोकांनी फळ काळं व्हायची वाट पाहणं सोडलं. मग चढून वेचणं सोडलं, फांदीच तोडून खाली आणायची. पुढं एकानं झाडच पाडलं, म्हणजे बसल्या जागी फळं ओरबाडता येतात. तो एक म्हणजे माझा बाप. त्या आडव्या झाडाभोवती आम्ही मायलेकरं दिवसभर बसलो होतो आणि अगदी मजेत होतो, हे मला पक्कं आठवतं. दुसऱ्या वर्षी सगळ्यांनीच झाडं पाडली. कच्च्या बीला कोंब येत नाही, त्यामुळे खाली रोपंही नव्हती. माझ्या लग्नात खिरीवर घालायची चारोळी आईनं बाजारातून आणली होती, कागदाच्या पुडीत, चिमूटभर. चाराच्या गावात बाजारची चारोळी! कोसमटोल्यात सून म्हणून आले आणि पहिल्यांदा ते बन पाहिलं तेव्हा मला नवऱ्यापेक्षा तेच जास्त आवडलं होतं, हे मनकूला मी कधी सांगितलं नाही.

"अन् घरचं मानूस कोन बोलन?" मी विचारलं.

कारण नेमाला आणखी एक गाठ होती. खूण आणणाऱ्याच्या घरातल्या कुणीतरी सगळ्यांदेखत म्हणायचं, 'मी पाह्यली, खरी हाय.' खोटं निघालं तर त्या घराला त्या साली बन बंद. आणि आमचं घर भूमियाचं. त्याच घराला बन बंद झालं तर पूजा कोण करणार? पूजाच नाही झाली तर गावालाही बन बंद. सासू माझ्या लग्नाआधीच गेली होती. सासरा न्याय करायला बसणार. मनकू खूण आणणारा. उरले कोण, ते सांगायला नको.

"तूच बोलशील," मनकू म्हणाला. "दोन शब्द तं हाये."

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. भात करपत होता, तो पाहायला आत गेले.

सकाळी गोटुलाचं अंगण भरून गेलं. बातमी रानात वणवा पसरावा तशी पसरली होती. तरणी पोरं तर फळं तोडायचे झेले खांद्यावर घेऊनच आली होती. मधोमध पळसाच्या पानावर ती खूण ठेवलेली. खरं सांगते, लांबून तुम्ही-आम्ही फसलो असतो. मनकूचा हात चांगलाच बसला होता.

मामाजी आले, खाली बसले आणि पानाकडे बघत राहिले. माझा सासरा बोलायला कंजूष माणूस. त्यांनी वाकून वास घेतला. मग पानाच्या दुसऱ्या बाजूनं घेतला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"कुठं सापडली?"

"मोठ्या दगडापाशी," मनकू म्हणाला.

"आता पाहाचं काय राह्यलं, बुवा?" मागून एक पोरगा ओरडला. "पंडुम कवा, ते सांगा. गारडोंगरीवाले थांबतीन का?"

"घरचं मानूस बोलू द्या," मामाजी वर न पाहता म्हणाले.

मी पुढे झाले. खरी म्हणावं तर दोन दिवसांत त्या बनाचं गारडोंगरी होणार होतं. खोटी म्हणावं तर माझा नवरा साऱ्या गावापुढे लबाड ठरणार, सासऱ्याचा मान जाणार आणि ज्या घरात मला जन्म काढायचा होता त्या घराला मीच चूड लावणार. मी पानावरची एक बी उचलली आणि दोन नखांत दाबली. ती पचकन फुटली, आतून पांढरं पाणी आलं. मामाजींनी ते पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"अस्वलाचीच हाय जी," मी म्हणाले. मनकूनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. "पन अस्वल बिमार दिसते."

"बिमार?"

"कच्ची चारं खाल्ली त्यानं. पोट बिघडलं. अन् वास पाहा ना, दारू पिऊन राह्यलं वाट्टे."

आधी एक म्हातारी हसली. मग बायका पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या, आणि मग झेले घेऊन आलेली पोरंही. मनकूच्या कानाच्या पाळ्या जांभळ्या झाल्या. सगळ्यांना सगळं समजलं होतं, आणि कुणी काही बोललं नव्हतं.

मामाजी मात्र हसले नाहीत. ते हसायच्या वेळी हसतच नसत, कधीतरी भलत्याच वेळी एकटे हसत. त्यांनी पान दुमडलं.

"बिमार अस्वलाच्या भरवशावर पंडुम होत नाई," ते म्हणाले. "बरं होऊ द्या त्याले. मनकू, तुले दिसलं ना ते? मंग तूच त्याची देखभाल कर. बरं होतवर बनातच राह्य. राखनबी होईल. कोनी कुऱ्हाड घेऊन आलं तं डबा वाजव, गाव येईल."

घराकडे येताना ते पुढे, मी चार पावलं मागे. दारापाशी थांबून ते म्हणाले, "खोटं बोलली नाई, खरंबी बोलली नाई. अशी सून चांगली का वाईट, ते मले अजून समजलं नाई." आणि ओसरीत जाऊन तंबाखू मळायला बसले.

मनकू बनात राहायला गेला. गावानं त्याचं नाव डॉक्टर ठेवलं. पाणवठ्यावर बायका मला विचारायच्या, 'बिरजो, डॉक्टरसाहेब काय म्हनते? ताप उतरला का अस्वलाचा?' मी हसून वेळ मारून न्यायची. घरी आल्यावर हसू यायचं नाही, कारण डॉक्टरसाहेब माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हते.

रोज दुपारी मी भोपळ्याच्या तुंब्यात आंबील भरून वर न्यायची. तो पाठ करून प्यायचा, तुंबा फांदीला अडकवायचा आणि निघून जायचा. शेवटी मी झाडाशीच बोलायला लागले. 'आज आंबील आंबट झाली का रे झाडा?' झाडही बोलायचं नाही. मला फार वाईट वाटायचं. वाटायचं, सरळ 'खोटी हाय' म्हणाले असते तर एकदाच भांडण होऊन मोकळे झालो असतो. गावाला हसवायच्या नादात मी या माणसाचं हसं करून ठेवलं. पण एक गोष्ट पाहिली. एका जुन्या झाडाची फळांनी लवलेली फांदी मोडायला आली होती, तिला कुणीतरी दोन बांबूंचा टेकू दिला होता. बनात दुसरं कुणी नव्हतं.

त्या दुपारी मी पोचले तेव्हा मनकू उभा होता, आणि त्याच्यासमोर माझा भाऊ.

बैजूदादाच्या मागे गारडोंगरीची आणखी चार माणसं होती. प्रत्येकाच्या खांद्यावर कुऱ्हाड, कमरेला दोर. मला त्यांच्यातला प्रत्येक जण माहीत होता. एकानं मला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं.

"तुमच्या वाट्याचं ठेवतो ना, जवाई," दादा म्हणत होता. "वरच्या अंगाचंच नेतो आमी. तुमचं गाव तसंबी थांबून राह्यलं हाय."

मनकूच्या पायाशी डबा होता, त्यावर काठी. तो ती उचलत नव्हता. सोयऱ्यावर गाव बोलवायचं म्हणजे काय, ते त्यालाही कळत होतं. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. गोटुलानंतर पहिल्यांदा.

"बोलनारी ते हाय," तो म्हणाला. "गोटुलात बोलली, इथंबी बोलू द्या."

तो टोमणा होता की भरवसा, हे मी पुढं त्याला कितीदा तरी विचारलं. तो अजून सांगत नाही.

"बिरजो, तू तं आपली हायेस," दादा म्हणाला. "सांग याले."

"दादा, चारं कच्ची हायेत."

"शेठ घेते कच्ची."

"अन् पुढच्या साली?"

"पुढच्या सालचं पुढच्या साली. मायले काय सांगू आज? बहिनीनं हात हालवत वापस धाडलं म्हनू?"

आईचं नाव निघालं की मी तशीही पाण्यासारखी होते. गोटुलात माझी जीभ कशी चुरूचुरू चालली होती. इथं ती टाळ्याला चिकटली. काही गमतीचं, दोन्ही बाजू राखणारं सुचावं म्हणून मी धडपडत होते. काही सुचलं नाही. मी गप्प राहिले याचा दादानं त्याला हवा तो अर्थ घेतला. तो वळला आणि जवळच्या झाडाच्या खालच्या फांदीवर त्यानं घाव घातला. फांदी कडाडली. हिरवी फळं टपटप खाली पडली, आणि मला एकदम तो आडवा पडलेला चार दिसला, त्याच्याभोवती बसलेली आम्ही लेकरं दिसली.

"दादा, माह्या लग्नात तू काय देल्लं होतं?"

त्याची कुऱ्हाड वरच राहिली. "काय?"

"पानी भराचा पितळेचा गुंड देल्ला होता. खांद्यावर घेऊन डोंगर चढून आनला होता तू. भाऊ बहिनीच्या घरी देते, दादा. तू आज बहिनीच्या घरून नेऊन राह्यला. अन् तेबी कुऱ्हाडीनं. हे मागं उभे हाये ना चारजन, हेच उद्या चावडीवर सांगतीन, बैजूनं बहिनीच्या घरी चोरी केली."

बोलून झाल्यावर मला माझ्याच शब्दांची भीती वाटली. कुणी हसलं नाही. मागच्या चौघांनी माना खाली घातल्या. मला जत्रेला नेणाऱ्यानं कुऱ्हाड खांद्यावरून उतरवून पाठीमागे धरली. आपल्या माणसांपुढे, बहिणीच्या तोंडून, इतकं उघडं कुणी दादाला कधी बोललं नसेल. त्याचं तोंड आधी लाल झालं, मग राखेसारखं.

"बाबा गेला तवापासून तुह्यं माहेर म्हंजे मी," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक होता. "आजपासून तुले माहेर नाई."

ते निघून गेले. झाडांमधून त्यांच्या पाठी दिसत होत्या तोवर मला वाटत होतं, धावत जावं, त्याचे पाय धरावे, म्हणावं ने रे बाबा, काय न्यायचं ते ने. मी गेले नाही. तिथंच मातीत बसून हंबरडा फोडून रडले. जे बन डोळ्यांसमोर उभं होतं ते त्या क्षणी मला नकोसं झालं होतं, हेही सांगून टाकते.

मनकू जवळ आला नाही. त्यानं चिरलेल्या फांदीवर चिखल थापला, वरून पळसाची साल गुंडाळून बांधली. खाली पडलेली हिरवी फळं एकेक करून गोळा केली आणि बाजूला ठेवली. मग माझ्यापासून हातभर अंतरावर बसला.

"आंबील हाय का?" तो म्हणाला.

लग्नानंतर कुठलंही बोलणं मला इतकं गोड लागलं नव्हतं. मी रडत रडत तुंबा पुढे केला.

त्यानंतर दिवस तापत गेले, आणि बनातली हिरवी फळं आधी लालसर, मग जांभळी, मग काळी झाली. शेठची गाडी कंटाळून दुसऱ्या रस्त्याला लागली होती. एका सकाळी मनकू पळसाच्या पानावर खूण घेऊन खाली आला. डोळे लाल, दाढी वाढलेली, कपड्यांना रानाचा वास. त्यानं पान मामाजींच्या पुढे ठेवलं आणि मागे सरकून उभा राहिला.

"घरचं मानूस बोलू द्या," या वेळी तोच म्हणाला.

मी बी उचलली, धुतली, दाढेखाली धरून दाबली. दाढ दुखली, बी फुटली नाही.

"मी पाह्यली," मी म्हणाले. "खरी हाय."

गावानं जो कालवा केला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही.

पंडुम झाला. देवाच्या दगडापुढे पहिली चारं ठेवली, मामाजींनी कोंबड्याचं रक्त शिंपडलं, मग मोहाची धार. झाडाखाली फडकी अंथरून, फांद्या हातानं वाकवून लोकांनी फळं काढली. शेंड्याची तशीच ठेवली, ती पाखरांची. आणि पहिल्या वेचणीतून गावच्या प्रत्येक सुनेपुढे एकेक द्रोण आला. कोसमटोल्याची ही रीतच आहे. पहिला द्रोण सुनेनं माहेरी न्यायचा, आईच्या हातात द्यायचा, मगच आपण चार तोंडात टाकायचं. बायका वेण्या घालून, लुगडी नेसून तयारच होत्या. कुणी या वाटेनं, कुणी त्या वाटेनं, हसत-खिदळत निघाल्या. त्या वर्षी मी पहिल्यांदा जायची होते.

माझा द्रोण माझ्यापुढे तसाच होता.

"माह्यावाला राहू द्या जी," मी मामाजींना म्हणाले. "कुठं नेऊ?"

तेवढ्यात मनकूनं वाकून द्रोण उचलला, त्यावर दुसरं पान झाकलं आणि डोक्याला फडकं गुंडाळायला लागला.

"कुठं चालला?" मामाजींनी विचारलं.

"गारडोंगरीले."

"मार खाशील."

"खाईन. डॉक्टर हाय मी, माह्यी पट्टी मी बांधीन," असं म्हणून तो वाटेलाही लागला.

तो दिवस कसा गेला ते मला विचारू नका. सगळं गाव बनात होतं, मी दारात. केर काढला, पुन्हा काढला. पाण्याची घागर भरलेली होती, ती ओतून पुन्हा भरून आणली. दादाचा राग मला ठाऊक होता. लहानपणी एकदा रागाच्या भरात त्यानं स्वतःचीच बासरी मोडून चुलीत घातली होती आणि मग तिच्यासाठी रात्रभर रडला होता. पण बासरीसाठी रडणारा माणूस जावयाला मारताना थांबेलच असं थोडंच आहे.

उन्हं उतरली तेव्हा डोंगराच्या वाटेवर मनकू दिसला. मी आधी पाय पाहिले. लंगडत नव्हता. मग सदरा पाहिला. धड होता. हात रिकामे होते.

"मारलं का?"

"नाई."

"द्रोण?"

"मायनं घेतला." तो पायरीवर बसला, घटाघटा पाणी प्याला. "ओसरीत बसली अन् एकेक करून सारी चारं खाल्ली. माह्यासंग एक शब्द बोलली नाई. खाऊन झाल्यावर बिया धुतल्या अन् पदराच्या टोकाले बांधल्या. मंग म्हने, पानी पडलं का परसात लावीन. पिकल्या हाये ना, मले विचारलं. मी म्हनलं, अस्वलानं पास केल्या."

मला हसू आलं आणि रडूही आलं. "अन् दादा?"

मनकू तळपायातला काटा शोधायला लागला. बराच वेळ शोधत होता.

"तो अंगनात खाट विनून राह्यला होता. वर पाह्यलं नाई. मी रामराम घातला, तरी नाई. निघतो म्हनलं, तरी नाई."

"बरं," मी म्हणाले. यापेक्षा जास्त मी मागितलंही नव्हतं.

"मी कुंपनाच्या बाहेर निघालो, तवा मागून वरडला."

"काय?"

"म्हने, द्रोण आनाचं काम बहिनीचं असते. जवाई काऊन आला? तिचे पाय मोडले का?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी डोंगर चढत होते. हातात द्रोण नव्हता, गाठोडं नव्हतं, काहीच नव्हतं. माहेरी जाताना काही न्यावंच लागतं, असं थोडंच आहे.